मुखवटे तीन, हृदय एक
(नभोवाणीवरील भाषण)



'हायब्रीड' हा शब्द आपल्याकडे मोटारीबरोबर आला नाही. तो ज्वारीबरोबर आला. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण प्रसृत झाले आणि थोड्याच वर्षांत खेड्यापाड्यांतून 'हायब्रीड' म्हणजे ज्वारी असे समीकरणच होऊन बसले. कणीस टपोरे, उतारा भरघोस. पण भाकरीला जुनी गोडी नाही, अशी कुरकुरही त्या शब्दाला तेव्हापासून चिकटली. आज तोच शब्द मोटारीच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत झळकतो आहे, आणि ज्वारीच्या वेळी न पडलेला एक नवा प्रश्न त्याने उभा केला आहे. ज्वारी एक तर संकरित असे किंवा नसे. मोटार मात्र 'थोडी हायब्रीड' आणि 'पुरी हायब्रीड' अशी दोन्ही प्रकारची असते, आणि दोघींच्या पाठीवरचा शब्द एकच असतो.

हा विषय माझ्यापुढे आला तो आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत. आमचे एक ज्येष्ठ सहशिक्षक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम बाजूला काढून त्यांनी आयुष्यातील पहिली नवी मोटार घेण्याचे ठरविले. बेत हा की, शहरात फिरताना ती बहुतांशी विजेवर चालावी आणि पेट्रोलचा खर्च निम्म्यावर यावा. गाडीचे माहितीपत्रक घेऊन सर मोठ्या हौसेने आले. समोरची जाळी कशी झळाळते, दिवे कसे बारीक रेघेसारखे आहेत, हे त्यांनी आम्हांस बोटाने दाखविले. आगाऊ रक्कम भरून झाली होती. मी माहितीपत्रकाचे शेवटचे पान उलटले, तेव्हा ध्यानात आले की, ती गाडी केवळ विजेवर दहा पावलेही चालणारी नव्हती. अशा गाड्या एकाहून अधिक कंपन्या विकतात; म्हणून कंपनीचे वा पेढीचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. विक्रेता खोटे बोलला असेही म्हणवत नाही. "सर, दोन्ही हायब्रीडच की!" एवढेच तो म्हणाला होता. शब्द खरा होता. अर्थ मात्र सरांनी आपल्या मनाने भरून घेतला होता.

हा घोटाळा समजून घ्यावयाचा तर प्रथम रूपाचा आणि मग अंतरंगाचा विचार केला पाहिजे. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या दोन गाड्या २०२२ साली बाजारात आल्या. दोघी बंगळूरजवळच्या बिदडी येथे एकाच कारखान्यात तयार होऊ लागल्या. २०२५ च्या सप्टेंबरात मारुतीने व्हिक्टोरिस नावाची तिसरी गाडी आणली. तिचाही सांगाडा त्याच घराण्यातला. तिघींच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अगदी सारखे, २६०० मिलिमीटर. लांबी सुमारे ४३५० मिलिमीटर, तीही दहापंधरा मिलिमीटरांच्या फरकाने तीच. या वर्गाला 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' किंवा 'क्रॉसओव्हर' म्हणतात. जुन्या जीपगाडीत जाड लोखंडी चौकटीवर वेगळी पेटी बसविलेली असे. येथे चौकट व पेटी एकजीव असतात, म्हणजे रचना मोटारीची आणि उंची व ऐट जीपची. हादेखील एका अर्थी संकरच होय.

आता या बहिणींचे चेहरे पाहा. हायरायडरच्या कपाळावर दुहेरी बारीक दिव्यांच्या रेघा आहेत, तर ग्रँड विटाराची जाळी रुंद असून तिला क्रोमचा काठ आहे आणि तिच्या दिव्यांत तीन तीन ठिपके आहेत. मागून पाहिले तर एकीचे दिवे दोन कोपऱ्यांत वळलेले, दुसरीचे एका सलग पट्टीने जोडलेले. पण बाजूने पाहावे, तर दरवाजे, खिडक्या आणि छपराची रेषा पाहून कोणती कोण हे ओळखताना माहीतगारही क्षणभर थबकेल.

असे का होते? दरवाजा किंवा छप्पर पत्र्यातून दाबून काढावयाचे तर त्यासाठी अवजड पोलादी साचे लागतात, आणि त्यांचा खर्च प्रचंड असतो. उलट पुढची जाळी, दिवे आणि बंपर ही प्लास्टिकची, स्क्रूने बसविली जाणारी अंगे आहेत. ती बदलणे त्या मानाने स्वस्त, आणि परिणाम मात्र मोठा. कारण माणूस माणसाला ओळखतो तो चेहऱ्यावरून, आणि मोटारीलाही. म्हणूनच तीन-चार वर्षे झाली की कारखानदार गाडीच्या तोंडावर नवा हात फिरवितात आणि तिला 'नवी' म्हणतात. ही युक्ती आजची नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९२७ साली गाड्यांच्या रूपरंगासाठी स्वतंत्र विभागच उघडला आणि हार्ली अर्ल या कल्पक गृहस्थाच्या हाती तो सोपविला. आपल्याकडची अँबॅसडर आठवा. १९५८ पासून २०१४ पर्यंत ती निघत होती. तिचे 'मार्क' बदलत गेले, म्हणजे मुख्यतः तोंडावरची जाळी बदलत गेली. पाठ मात्र आजोबांच्या वेळची तीच राहिली.

रूपाच्या या बदलांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. नेत्रसुख हेही सुखच. पण रूपाचीही एक किंमत असते, ती जाणून घ्यावी. आजकाल वर दिसणारी दिव्यांची बारीक रेघ ही पुष्कळदा केवळ दिवसा दिसण्यापुरती असते. रस्ता उजळणारा खरा दिवा खाली, बंपरमध्ये बसविलेला असतो. शहराच्या गर्दीत पहिला धक्का लागतो तो तेथेच. पूर्वी बंपरला खोक पडे आणि दिवा वाचे. आता दोहोंचा निकाल एकदम लागू शकतो. विमा घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २०२५ च्या एप्रिलमध्ये ग्रँड विटारामध्ये सुधारणा झाली. चेहरा जवळजवळ तोच राहिला. पण अपघाताच्या वेळी फुगून माणसाला सावरणाऱ्या सहा हवेच्या पिशव्या सर्वांत स्वस्त गाडीपासून सर्वांत महाग गाडीपर्यंत सरसकट देण्यात आल्या. हायरायडरमध्येही त्याच सुमारास तसेच झाले. या गाड्यांच्या आजवरच्या फेरबदलांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो बाहेरून मुळीच दिसत नाही.

आता अंतरंगाकडे वळू. या गाड्यांत दोन तऱ्हेची 'हायब्रीड' यंत्रणा मिळते. पहिली सौम्य. तिच्यात १४६२ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे नेहमीचे पेट्रोल इंजिन असते आणि त्याला पट्ट्याने जोडलेले एक छोटे विद्युत्-यंत्र. सिग्नलपाशी इंजिन थांबले की ते यंत्र ते पुन्हा सुरू करते, वेग घेताना किंचित हात लावते आणि ब्रेक लावताना थोडी वीज साठविते. एवढेच. केवळ विजेवर चाके फिरविण्याची शक्ती त्याच्यात नाही. आमच्या सरांनी आगाऊ रक्कम भरली होती ती अशाच जातीच्या गाडीसाठी.

दुसरी यंत्रणा सबळ. तिच्यात १४९० घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन असते. त्याची शक्ती सुमारे ९२ अश्वशक्ती. जोडीला सुमारे ८० अश्वशक्तीची विद्युत्-मोटर आणि ०.७६ युनिट वीज मावेल अशी लिथियमची बॅटरी. दोघांची मिळून शक्ती धरतात ती मात्र सुमारे ११५. कारण दोघे एकाच क्षणी आपापल्या शिखरावर नसतात. येथे गाडी खरोखरच शांतपणे विजेवर निघते. वेग वाढला किंवा बॅटरी उतरली की इंजिन जागे होते. गियर बदलण्याची कटकट नाही. सूर्याभोवती ग्रह आणि त्यांच्याभोवती कडे अशी दातेरी चाकांची एक योजना आत असते. इंजिनाची शक्ती किती चाकांकडे जावी आणि किती वीज करण्याकडे, याची वाटणी ती क्षणोक्षणी करते.

या इंजिनाची एक खुबी सांगण्यासारखी आहे. नेहमीच्या इंजिनात जळलेला वायू बाहेर सोडतात, तेव्हा त्याच्यात अजून पुष्कळ जोर शिल्लक असतो. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज यंत्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात असे इंजिन योजिले की, त्यात वायू दाबला जातो थोडा, पण प्रसरण पावतो अधिक. रसवंतीवाला उसाचे चिपाड फेकण्यापूर्वी पुन्हा एकदा चरकातून काढतो, तसा हा प्रकार. रस अधिक मिळतो. मात्र काम संथ होते. असे इंजिन सुरुवातीला जोर कमी देते, म्हणून शंभर वर्षे मोटारीने त्याची फारशी विचारपूस केली नाही. विद्युत्-मोटरीचे उलट असते. तिचा सारा जोर पहिल्या क्षणीच लागतो. एकाचे उणे ते दुसऱ्याचे अधिक. टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रायस ही गाडी आणली ती याच जोडीवर. लॅटिन भाषेत त्या नावाचा अर्थ 'आधीची' किंवा 'पुढे जाणारी' असा होतो. कल्पना तर याहूनही जुनी. फर्डिनांड पोर्शे या तरुणाने १९०० सालीच पेट्रोल व वीज यांची सांगड घालणारी गाडी बनविली होती. तिचे नावही लॅटिनच, 'सेम्पर व्हिव्हस', म्हणजे 'सदा जिवंत'.

येथे माझ्यातला शिक्षक थोडे गणित केल्याखेरीज पुढे जाऊ देणार नाही. बॅटरीत वीज मावते ०.७६ युनिट. इंजिनातील नासाडी वजा जाता एक लिटर पेट्रोलातून चाकांपर्यंत सुमारे तीन युनिट काम पोचते असे धरू. म्हणजे काठोकाठ भरलेली ही बॅटरी जेमतेम पाव लिटर पेट्रोलाचे काम करते! मग बचत होते कशी? साठ्यामुळे नव्हे, उलाढालीमुळे. छोट्या दुकानदाराचा गल्ला लहान असतो. पण दिवसभर पैसा येतो नि जातो, आणि त्यावर त्याचे घर चालते. तसेच येथे. दर ब्रेकला थोडी वीज येते, दर सुरुवातीला ती खर्च होते, आणि इंजिनाला जेथे तोटा होतो अशा मंद गतीत ते स्वस्थ झोपून राहते.

गल्ल्याची मर्यादा कळते ती घाटात. नाताळच्या सुटीत एका आप्ताच्या अशा गाडीतून आम्ही बेळगावहून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीला गेलो. उतार लागताच बॅटरीचा काटा चढू लागला आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या. अर्धा घाटही उतरला नव्हता तोच काटा वर टेकला आणि इंजिन एकाएकी घरघरू लागले. आमच्या आप्तांना वाटले, गाडी बिघडली. बिघडले काहीच नव्हते. माणसांसह गाडीचे वजन १५०० किलो आणि उंचीतला फरक ढोबळ मानाने ६०० मीटर धरला, तर उतरताना सुमारे अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. थोडी वारा व टायर खातात, तरी उरलेली बॅटरीत मावणार कोठून? तेव्हा पेट्रोल न जाळता इंजिन नुसतेच फिरवून ही यंत्रणा गाडीला आवर घालते. ती घरघर त्याची असते. परतीच्या चढावर याचे उलट झाले. बॅटरी लवकर रिती झाली आणि तीन सिलिंडरांचे ते इंजिन चढ संपेपर्यंत मोठ्याने ओरडत राहिले. तात्पर्य, ही गाडी घाटाची नव्हे, पेठेची.

म्हणूनच कागदावरचे आकडे जपून वाचावेत. नियमाप्रमाणे प्रमाणित झालेल्या चाचणीत ग्रँड विटाराची सबळ हायब्रीड लिटरला २७.९७ किलोमीटर जाते. सौम्य हायब्रीड स्वयंचलित गियरसह २०.५८. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात. पण तुलनेला ते पुरेसे आहेत. सरांपुढे मी पाटी घेऊन बसलो. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि दोन गाड्यांच्या किमतीतला फरक अडीच लाख रुपये धरला. सरांचे फिरणे वर्षाकाठी फार तर ८००० किलोमीटर. बचत होते सुमारे १०३ लिटर, म्हणजे १०,३०० रुपये. अडीच लाख भरून निघण्यास किती वर्षे लागतील? चोवीस. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला.

पण हेच गणित दुसऱ्या घरी निराळे होते. वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्याची रक्कम साडेसहा वर्षांत सुटते. आणि ज्याचा सारा दिवस शहरात, एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलवर जातो, त्याला फरक याहून मोठा पडतो. समजा, अशा गर्दीत सौम्य गाडी लिटरला १३ आणि सबळ २२ किलोमीटर गेली, तर वर्षाला १२,००० किलोमीटर फिरूनही तेवढ्याच काळात पैसे वसूल होतात. बॅटरीची धास्ती पुष्कळांना असते; या गाड्यांत तिची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी आहे. मात्र ती मागच्या सामानाच्या फळीखाली बसत असल्याने डिकीतील जागा सबळ गाडीत बरीच कमी होते, हेही घरातील बायकामाणसांना आधी दाखवावे. प्रवासाच्या ट्रंका भरण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते.

करांचाही विचार यात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल मोटारींवर १८ टक्के वस्तु व सेवा कर लागू झाला. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. आपल्या या तिन्ही बहिणी चार मीटरांची रेषा ओलांडतात, म्हणून त्या ४० टक्क्यांत पडतात, मग हृदय सौम्य असो वा सबळ. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारीवर कर मात्र ५ टक्केच. पेट्रोल वाचविणाऱ्या गाडीला पेट्रोल उधळणाऱ्या गाडीच्याच पंक्तीला बसवावे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पैशापलीकडचाही एक हिशेब असतो. शाळा सुटताना फाटकापाशी दहा-वीस गाड्या इंजिन चालू ठेवून मुलांची वाट पाहत उभ्या असतात, आणि त्यांचा धूर पहिलीतल्या मुलांच्या नाकात जातो. तेथे इंजिन झोपवून, विजेवर थंड हवा देत उभी राहणारी गाडी पाहिली की, सगळीच किंमत रुपयांत मोजता येत नाही असे मला वाटते.

जाता जाता आपल्या गावाचा एक धागा. टोयोटा आणि सुझुकी ही दोन्ही घराणी मुळात हातमाग व यंत्रमाग बनविणाऱ्यांची. साकिची टोयोडा यांनी मागांत क्रांती केली. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हामामात्सू येथे मागांचा कारखाना काढला. आणि ज्या किर्लोस्करांच्या घराण्याशी टोयोटाने १९९७ साली भागी केली आणि बिदडीचा कारखाना उभारला, त्यांचे मूळपुरुष लक्ष्मणराव यांनी १८८८ साली आमच्या बेळगावात सायकलींचे दुकान थाटले होते. शहापूर-वडगावच्या मागांच्या खटखटीत वाढलेल्या माणसाला हे ऐकून बरे वाटते. लुगड्याचा पोत जाणणारा विणकर काठ-पदराला भुलत नाही. तो कापड उलटे करून पाहतो. मोटार घेतानाही तेवढेच करावयाचे आहे.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. ही गाडी इंजिन बंद ठेवून केवळ विजेवर चालेल काय? माझ्या फिरण्याला किमतीतला फरक किती वर्षांत सुटेल? आणि या नव्या चेहऱ्यामागे जीव वाचविणारे नवे काय आहे?

सरांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांनी गाडी घेतली, तीच, सौम्य. तिच्यातील अधिक झगमगाटाची जात मात्र सोडून दिली आणि वाचलेले पैसे बँकेत परत ठेवले. म्हणजे निवड पहिल्यापासून बरोबरच होती म्हणायची. मी तसे म्हणालो, तेव्हा सर म्हणाले, "बरोबर होती, पण माझी नव्हती. आता माझी आहे." चाळीस वर्षे मुलांना उत्तराबरोबर रीतही लिहावयास लावणाऱ्या शिक्षकाचे ते बोलणे होते. उत्तर बरोबर आले तरी रीत नसेल तर ते पूर्ण गुण देत नसत.